गावाला गेलेली आई

उमेळ्याच्या सरलामावशींकडे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात अशी पाच मुलं सांभाळायला असत. घरामागे त्यांच्या यजमानांची, हरिश्चंद्र नाईकांची, चाफ्याची वाडी, पुढे अंगण, आणि कुंपणापलीकडे गेल्या सात-आठ वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती. मुलं बहुतेक त्या इमारतींतलीच. नव्या आईबापांना मावशी पहिल्याच दिवशी सांगून टाकत, "माझ्याकडे पाटी-पुस्तक नाही. करवंट्या आहेत, माती आहे, डब्यांची झाकणं आहेत. पोरं दिवसभर खेळतील. पटत असेल तर ठेवा."

काहींना पटत नसे. पण मावशींनी बालवाडीत बारा वर्षं काढली होती आणि मूल खेळताना काय काय शिकतं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठ्या करवंटीतलं पाणी लहानीत मावत नाही, हे कुणी न सांगता तीन वर्षांच्या सिद्धेशला कळलं होतं. शिवाय कुणाला ताप येऊ घातलाय, कुणाच्या घरी भांडण झालंय, हे मावशींना त्या खेळातूनच आधी समजे.

ज्ञानदा त्यांच्याकडे दीड वर्षाची असल्यापासून येत होती. आता चार पूर्ण झाली होती. तिची आई कृतिका गोरेगावला नोकरीला होती. सप्टेंबरात कृतिकाला डेंग्यू झाला. बुधवारी दवाखान्यात ठेवलं आणि शनिवारी दुपारी यतीनचा, तिच्या नवऱ्याचा फोन आला. मागे कुणीतरी रडत होतं, त्यावरूनच कृतिका गेल्याचं मावशींना कळलं. मग तो म्हणाला, "मावशी, दोन दिवस ज्ञानदाला ठेवून घ्याल?"

संध्याकाळी बाकीची मुलं घरी गेली. ज्ञानदा फाटकाशी उभी राहिली. "आई कधी येणार?" तिनं विचारलं.

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "आई गावाला गेलीय, बाळा."

का म्हणाल्या, त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही एवढंच. तिसऱ्या दिवशी यतीन लेकीला न्यायला आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे लाल. मावशींनी घडलं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. तुम्ही तिला जवळ घेऊन नीट सांगा."

"राहू दे, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तेच राहू दे. दिवाळीनंतर सांगतो मी."

दिवाळी झाली. मग तो म्हणाला, तिचा वाढदिवस होऊ दे. रोज सकाळी लेकीच्या दोन वाकड्यातिकड्या वेण्या घालून तो तिला सोडून जाई, आणि मावशींना त्याच्याकडे पाहून पुढचं बोलवत नसे. हरिश्चंद्रांना विचारलं तर ते म्हणाले, "आपण कोण सांगणारे? बाप आहे तो." तेही खरंच होतं.

ज्ञानदानं मात्र विचारणं हळूहळू सोडलं. आधी ती झाकण कानाला लावून आईला फोन करायची, दुपारी काय जेवली ते सांगायची. नंतर फोन लागेना. "बिझी आहे," म्हणून ती झाकण बाजूला ठेवून द्यायची. मग तोही खेळ बंद झाला. ती पायरीवर बसून बाकीच्यांचा खेळ बघू लागली.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, मावशींकडे येणारी पाच वर्षांची जीना आईबरोबर चर्चमागच्या दफनभूमीत जाऊन आली. आजोबांच्या कबरीवर फुलं घातली, मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्या दिवशी ती तोच खेळ घेऊन अंगणात आली. मातीचा ढीग केला, वर चाफ्याची फुलं रचली, मेणबत्त्या म्हणून काड्या रोवल्या.

"आत कोण आहे?" ज्ञानदानं पायरीवरून विचारलं.

"कुणी नाही. तुला ठेवायचंय कुणाला?"

ज्ञानदा उठली. आतून कापडी बाहुली घेऊन आली. दोघींनी मिळून खड्डा केला. ज्ञानदानं बाहुलीला आधी केळीच्या पानात गुंडाळलं, मग झोपवलं, कपाळावरचे केस मागे सारले. मावशी भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"ही कोण?" जीनानं विचारलं.

"आई."

"मग आता ती उठणार नाही," जीना म्हणाली. त्यात दुष्टपणा काही नव्हता. तिला माहीत होतं ते तिनं सांगितलं.

"हो," ज्ञानदा म्हणाली. "ती उठणार नाही."

मूल खेळत असताना खेळ मोडायचा नाही, हे मावशींनी आजवर कितीतरी आयांना सांगितलं होतं. त्या उठल्या नाहीत. पण बसणंही जमेना. वाटलं, पोरीला छातीशी धरावं आणि म्हणावं, हो गं, तुझी आई गेली, तू बरोबर ओळखलंस. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. बापानं थांबायला सांगितलं होतं. ज्ञानदा मुठीमुठीनं माती लोटत होती. बाहुली झाकली गेल्यावर ती मातीवर हात फिरवत कितीतरी वेळ बसून राहिली, आणि मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच इतर मुलांसारखी पळापळी खेळायला गेली.

यतीनला आज हे सांगायचंच, असं मावशींनी ठरवलं. पण तो नेमका लवकर आला, आणि फाटकातून शिरताच ज्ञानदानं त्याला हाताला धरून ढिगाकडे नेलं. "बाबा, आई इथे झोपलीय."

यतीननं खाली बसून दोन्ही हातांनी माती उकरली. बाहुली बाहेर काढली, रुमालानं पुसली.

"उठवू नका ना तिला," ज्ञानदा म्हणाली.

"हे कुणी शिकवलं हिला?" त्यानं मावशींकडे पाहून विचारलं. आवाज चढला नव्हता.

"कुणी शिकवलं नाही, यतीन. पोरं जे बघतात ते खेळतात. तिच्या मनात होतं ते तिनं..."

"तुमच्यावर विश्वास टाकला होता मी."

तो ज्ञानदाला उचलून निघाला. तिचं दप्तर पायरीवरच राहिलं. तिच्या नखांत माती होती आणि ती बापाच्या खांद्यावरून ढिगाच्या जागेकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, ज्ञानदा आजपासून येणार नाही, सांभाळायला आत्या आलीय. मावशींनी आठ दिवस वाट पाहिली. मग रविवारी दुपारी दप्तर द्यायच्या निमित्तानं त्या समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर गेल्या.

दार यतीननंच उघडलं. रागावलेला दिसला नाही, फक्त थकलेला होता. "या, मावशी," म्हणाला. ज्ञानदा टेबलाशी जेवायला बसली होती. ताटाशेजारी नवीकोरी अक्षरांची वही होती, पहिल्या पानावर सरळ रेघा काढलेल्या. मावशींना पाहून ती खुर्चीवरून उतरली, पण धावत आली नाही. आधी तिनं बापाकडे पाहिलं. मग मोठ्यानं, पाठ केल्यासारखं म्हणाली, "मावशी, माझी आई गावाला गेलीय. ती माझ्यासाठी फ्रॉक आणणार आहे. हो ना, बाबा?"

"हो, सोन्या," यतीन म्हणाला आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला.

तो सैल झाल्याचं पाहूनच ज्ञानदा परत खुर्चीवर जाऊन बसली. आपण काय पाहिलं ते मावशींना नीट कळलं. अंगणात ती आपल्यासाठी खेळत होती. इथे ती बापासाठी खेळत होती, आणि फार चांगलं खेळत होती.

लिफ्टपर्यंत सोडायला यतीन आला. "आता पुष्कळ बरी आहे," तो म्हणाला. "विसरतेय हळूहळू."

"यतीन, तिला सगळं माहीत आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ती तसं म्हणते."

तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "मला ते वाक्य म्हणता येत नाही, मावशी. बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून बघतो. कृतिका म्हणतो, आणि पुढे काहीच येत नाही."

मावशींना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. त्यांनीही तर एकदा ते वाक्य असंच टाळलं होतं, फाटकाशी उभं राहून, चार शब्दांत.

"मी येऊ का तुमच्याबरोबर? दोघं मिळून सांगू," त्या म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, मावशींना समजलं नाही. आतून ज्ञानदाची हाक आली, "बाबा, तुमचा भात गार होतोय."

"आलो," तो म्हणाला आणि आत गेला. दार लोटलं, कडीचा आवाज आला. लिफ्ट आली, दार उघडून काही क्षण थांबली आणि रिकामीच खाली गेली. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. परत घंटी वाजवायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात आतून बापलेकींच्या जेवणाच्या ताटांचा आवाज आला. मग त्यांनी हात खाली घेतला आणि कठडा धरून जिन्यानं उतरू लागल्या.