आणखी दोन स्टेशनं

इथे जपानमध्ये आमच्या शाळेत सहलीच्या आधी एक छोटी पुस्तिका बनवतात. तिला शिओरी म्हणतात. कुठली गाडी, किती वाजता, कुठे किती मिनिटं थांबायचं, सगळं तिच्यात असतं. गेल्या वर्षी कामाकुराच्या सहलीत माझ्या गटाची प्रमुख मी होते, आणि आम्ही सगळीकडे मिनिटाला मिनिट पोचलो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मिताली-सान, शाब्बास!” जपानी चुकेल म्हणून दोन वर्षं वर्गात तोंड न उघडणारी मी! त्या दिवसापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आई म्हणते.

म्हणून नयनाआत्याला कामाकुरा दाखवायचं काम मी मागूनच घेतलं, आणि तिच्यासाठी तशीच शिओरीही बनवली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. कराडच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला तिने. दरवर्षी ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर खडूने फुजी काढायची. आमच्याकडे ती पंधरा दिवस होती, आणि पंधराही दिवस फुजी ढगात! बाबांनी हाकोनेला नेलं, तर तिथे पाऊस. कामाकुराचा दिवस शेवटचा, दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं.

“शेवटच्या पानावर बघ,” मी तिला म्हटलं. “तीन चाळीस, समुद्रकिनारा. तिथून फुजी दिसतो.”

“आधीच जाऊया की गं.”

“आत्या, शिओरीत तसं नाहीये.”

“बरं बाई, मुख्याध्यापिका!” असं म्हणून तिने दशम्यांचा डबा पिशवीत टाकला. हिरवी इरकल, वर आईचं जाड जाकीट, पायात बाबांचे बूट, अशी निघाली.

कामाकुराहून छोटी हिरवी गाडी सुटते. तिच्यात आमच्या समोर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, पाठीला सॅक, डोक्यावर टोपी. त्या आत्याकडे बघून हसल्या आणि मला विचारलं, “कुठून आलात?” मी धडाधडा सगळं सांगितलं. भारत, भूगोल, खडू, फुजी. माझं जपानी ऐकून त्या खूश झाल्या, मी त्यांच्याहून खूश! मग त्या पुढे वाकून म्हणाल्या, “अगं, मग हासेला उतरू नका. आणखी दोन स्टेशनं पुढे जा. मी तिथेच राहते, सकाळपासून फुजी लख्ख दिसतोय. दुपारनंतर ढग येतील. आत्ताच जा.”

“काय म्हणतायत गं?” आत्याने विचारलं.

हासेला मोठा बुद्ध होता. दहा वीस, बुद्ध. तिथे सांगायचं सगळं मी आरशासमोर पाठ केलं होतं. आधी दोन स्टेशनं पुढे गेलं की पुढची सगळी पानं फुकट. आणि ढगांचं काय, म्हातारी माणसं काहीही सांगतात.

“तुझी साडी फार सुंदर आहे म्हणतायत,” मी म्हणाले.

आत्याचा चेहरा! तिने पदर सारखा केला, हात जोडले, दोनदा वाकली. त्या बाईही वाकल्या. आम्ही हासेला उतरलो तर त्या खिडकीतून घाईघाईने दोन बोटं दाखवायला लागल्या. आत्याला वाटलं, इथली मुलं फोटोत करतात तसंच. तिनेही हसत हसत दोन बोटं दाखवली. गाडी गेली.

बुद्ध वेळेवर झाला. देऊळ वेळेवर. जेवण तर तीन मिनिटं आधी! तीन चाळीसला आम्ही किनाऱ्यावर उभ्या होतो. समोर समुद्र, आणि जिथे फुजी असायला हवा तिथे नुसतं पांढरं.

“तिथेच आहे ना?” आत्याने विचारलं.

“हो. त्या ढगांमागे.”

तिने हवेतच बोटाने त्याचा आकार काढला, फळ्यावर काढावा तसा. माथ्याशी बोट जरा थांबलं. पाच मिनिटांनी तिने पिशवी उचलली. शिओरीत त्या पानावर चाळीस मिनिटं लिहिली होती.

“चल,” ती म्हणाली. “पंधरा दिवस रुसून बसलाय, तो काय आज ऐकणार? पण मिताली, ती बाई किती गोड होती गं! एवढ्या लांबच्या माणसाला माझी साधी इरकल आवडली. कराडला सगळ्यांना सांगणार मी.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मराठी, इंग्रजी, जपानी, तिन्ही भाषा येतात मला. मी शिओरी उघडून परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

सकाळी विमानतळावर तिने मला एक पिशवी दिली. वर डबा, खाली धुऊन घडी घातलेली हिरवी इरकल.

“इथल्या लोकांना आवडते ना, मग इथेच राहू दे. मोठी झालीस की नेस. ती बाई भेटलीच कधी, तर ओळखेल तुला.”

साडी माझ्या कपाटात आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आत्या विचारते, “नेसून बघितलीस का गं?” मी म्हणते, परीक्षा आहे. मग ती फोन शेजारच्या काकूंकडे वळवते आणि म्हणते, “हीच ती आमची मिताली. जपानमध्ये माझा एक शब्द अडू दिला नाही हिने.”