सतरा नंबरचं चाक

चारही नट निघाले आणि चाक जागचं हललं नाही.

मी बसकण मारून त्याच्याकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे. चौतीस वर्षं बस डेपोत फिटर होतो मी. किती चाकं काढली ते विचारू नका. एकावर एक रचली असती तर सगळ्यात वरच्या चाकावर बसून ढगात पाय धुता आले असते. आणि आज माझ्याच दारात, माझ्याच छोट्या गाडीचं मागचं डावं चाक मला ओळख द्यायला तयार नव्हतं.

"निघालं का हो?" बायकोनं दारातल्या खुर्चीतून विचारलं.

"निघतंय."

"मघाशीही निघतच होतं."

तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. कालच मोतीबिंदू काढला होता. डावा डोळा गेली तीन वर्षं धुक्यात. त्यातून मी म्हणजे तिला एक बडबडणारा डाग दिसायचो, असं तीच म्हणायची. पट्टी चार वाजता दवाखान्यात उघडणार होती. इतक्या वर्षांनी तिला लख्ख दिसणार, तर पहिलं तोंड माझं दिसावं, एवढंच माझं मागणं होतं. पण सकाळी टायरमध्ये खिळा घुसला आणि त्या मागण्याला कंपाउंडर आडवा आला.

कंपाउंडर म्हणजे आमचा शेजारी. एका डॉक्टरांकडे उभा जन्म औषधं देण्यात घालवलेला. वय माझ्याएवढंच, पण डोक्यावर केस असे दाट की त्यात चिमण्यांची दोन बिऱ्हाडं राहतील आणि एकमेकांना भेटणार नाहीत. तेही एक वेळ मी चालवून घेतलं असतं. पण ऑपरेशनच्या आधी आठ दिवस बायकोच्या डोळ्यात औषध घालायचं होतं. पहिल्या दिवशी मी घातलं. एक थेंब नाकात गेला, एक कानात आणि तिसरा माझ्या चहात. माझा हात कापतो. जन्मभर लोखंड पेललेल्या हाताला थेंबाचं वजन कळत नाही, त्याला मी काय करू? मग उरलेले सात दिवस कंपाउंडर आला. दिवसातून चार वेळा. दोन बोटांनी तिची हनुवटी उचलायचा, "वहिनी, वर बघा" म्हणायचा, आणि थेंब असा पडायचा की पापणीला पत्ता नाही.

"भावजींचा हात किती हलका आहे हो!" ती दर वेळी म्हणायची. म्हणजे अठ्ठावीस वेळा. त्या अठ्ठावीस थेंबांचं माझ्या पोटात तळं साचलं होतं.

मी उठलो, गाडीकडे पाठ केली आणि टाचेनं टायरला लाथ हाणली. एक उजवीकडून, एक डावीकडून. चिकटलेलं चाक असंच डुगडुगवून सोडवतात. डेपोत एकदा मी अशी लाथ घातली होती की चाक सुटून फाटकाबाहेर गेलं आणि दोन थांब्यांवर लोकांनी त्याला हात दाखवला.

"मागच्या वेळी एकच थांबा होता," बायको म्हणाली. मी मोठ्यानं बोललो होतो वाटतं.

तिसऱ्या लाथेला मला आठवलं. आणि चौथी लाथ मी मारलीच नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपाउंडरनं नवी गाडी आणली होती. तिची चाकं आरशासारखी. संध्याकाळी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, भावजींच्या गाडीची चाकं मलासुद्धा दिसली!" तिला तेव्हा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं. झालं. माझ्या अंगाची आग आग झाली. मी रुपेरी रंगाचा डबा आणला, चारही चाकं उतरवली आणि रंगवून काढली. बाहेरून, आतून, अगदी चाक ज्या हबला टेकतं तो हबसुद्धा. सकाळी तिनं दार उघडायच्या आत गाडी चमकत उभी हवी होती, म्हणून रंग ओला असतानाच चाकं चढवली आणि नट आवळले.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला डेपोभर फिरवला असता. नव्या पोरांना माझा पहिला धडाच तो: हबला आधी तारेचा ब्रश मारा, लोखंड उघडं करा, तिथं रंग नको, घाण नको, नाहीतर चाक जन्माचं चिकटेल. आणि आमच्या डेपोची एक रीत होती. चाक चढवणाऱ्यानं आतल्या बाजूला खडूनं आपला नंबर लिहायचा. पुढे ते चाक अडलं, तर काढणारा तो नंबर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा. माझा नंबर सतरा. चौतीस वर्षांत तो कुणी ओरडला नाही.

त्या संध्याकाळी खडू हाताशी नव्हता. सवयीनं मी ओल्या रंगात बोटानंच लिहिलं होतं, १७.

"फिटरसाहेब, काही मदत?"

कुंपणावरून आधी ते केस उगवले, मग कंपाउंडर.

"नको."

"वहिनींना मी सोडतो ना. गाडी बाहेरच आहे."

"म्हटलं ना, नको!"

"अहो, भावजींवर कशाला खेकसताय?" बायको म्हणाली. "मी कुणाच्याही गाडीतून जाईन. पण वेळेवर जाईन. सव्वातीनला निघायचं, सांगून ठेवते."

दोन वाजले होते. कंपाउंडर फाटक उघडून आत आला आणि पायरीवर बसला. नुसता बसला! शहाणपणा शिकवला असता तर मला भांडता आलं असतं. मी हबच्या कडेनं तेल सोडलं. लाकडी ठोकळा टेकवून हातोडा मारला. दर घावाला माझ्या कमरेत कळ येत होती आणि चाकाला काहीच होत नव्हतं. अडीच वाजले. घाम डोळ्यांत उतरला. कंपाउंडरनं पुढे केलेला रुमाल मी पाहिलाच नाही असं दाखवलं.

"फिटरसाहेब," तो शेवटी हळूच म्हणाला, "तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत. नट चार आटे सैल लावायचे, जॅक उतरवायचा आणि गाडी हातभर पुढेमागे करून ब्रेक मारायचा. चाक स्वतःच्याच वजनानं सुटतं."

ते मला ठाऊक नव्हतं होय? पहिल्या लाथेपासून ठाऊक होतं. पण त्याला दोन माणसं लागतात. एक गाडीत आणि एक चाकावर नजर ठेवायला. चाक सुटलं की पहिल्यांदा बघणार तो बाहेरचा. म्हणजे हा. आणि कुंपणावरून डेपोच्या गोष्टी सांगून सांगून सतरा नंबर मीच त्याच्या डोक्यात भरवला होता.

"दोनांतली एक गाडी निवड बाई," असं मी बायकोला म्हणणार होतो. पण ती पट्टीवर हात ठेवून बसली होती, आणि घड्याळाला दया नव्हती.

मी नट सैल लावले, जॅक उतरवला आणि गाडीत बसलो. हातभर पुढे, ब्रेक. हातभर मागे, ब्रेक. तिसऱ्या वेळी खालून 'कट्' असा आवाज आला.

"सुटलं!" कंपाउंडर ओरडला.

मी उतरून येईपर्यंत त्यानं गाडी पुन्हा जॅकवर घेतली होती आणि नट काढले होते. चाक त्याच्या हातात अलगद आलं. हलका हात ना! त्यानं ते फिरवलं. आतून रुपेरी, हबला टेकायच्या जागी रंगाचे पापुद्रे सोललेले, आणि वर, दोन वर्षांच्या धुळीतूनही स्वच्छ वाचता येईल असा, माझ्या बोटाचा १७.

त्यानं नंबराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"काय झालं होतं हो भावजी?" बायकोनं विचारलं.

ओरड, मी मनात म्हटलं. एकदाचा ओरड.

"गंज, वहिनी," कंपाउंडर म्हणाला. "दुसरं काय! जुन्या गाडीला धरतोच." आणि त्यानं चाक नंबराची बाजू आत करून भिंतीला टेकवलं.

खरं सांगतो, मला तो त्या केसांमुळेही इतका कधी खुपला नव्हता. म्हणजे चांगुलपणातही हाच पुढे! मी तारेचा ब्रश घेतला आणि हब घासायला बसलो. रुपेरी पापुद्रे उडत होते. लोखंड उघडं झालं, मग स्टेपनी चढवली, नट आवळले. बाकीच्या तीन चाकांबद्दल मला विचारू नका.

सव्वातीनला आम्ही निघालो. कंपाउंडर बरोबर आला नाही. "दोघंच जा," म्हणाला. हेही त्यालाच सुचायचं होतं!

दवाखान्यात नर्सनं पट्टी सोडली. "आजी, सावकाश डोळा उघडा." बायकोनं उघडला. मी अगदी समोर, फोटो काढायला बसल्यासारखा. ती बराच वेळ बघत राहिली.

"किती म्हातारे झालात हो!"

"तू मात्र..."

"गप्प बसा. आणि भुवईला हे काय?" तिनं बोटानं एक पापुद्रा टिपला आणि उजेडात धरला. "भावजी गंज म्हणाले ना? मग रुपेरी गंज कुठल्या दुकानात मिळतो?"

नर्स हसली. माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या. त्यातल्या एकीत तर डेपो मॅनेजर आणि एक हत्तीही होता. पण तो डोळा असा स्वच्छ रोखलेला की एकही बाहेर पडेना.

"तुला दिसावीत म्हणून रंगवली होती चाकं," मी म्हणालो. "माझीही."

तिनं पापुद्रा झटकला नाही. मुठीत ठेवला.

"दिसली होती," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलले नाही. म्हटलं, कौतुक केलं तर हा माणूस उद्या घरही चंदेरी करून ठेवील."

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चाक भिंतीला तोंड करून तसंच उभं होतं. मी ते वळवलं. नंबर बाहेर, कुंपणाकडे. कंपाउंडर पलीकडे झाडांना पाणी घालत होता. त्यानं पाहिलं, आणि पुन्हा पाणी घालू लागला.

"कंपाउंडर," मी हाक मारली, "सहा वाजता थेंब घालायचाय."

तो हात धुऊन आला. मी त्याच्या मागे उभा राहिलो, हात खिशात घालून. दोन बोटांनी त्यानं तिची हनुवटी उचलली.

"वहिनी, वर बघा."

तिनं वर बघितलं. त्याच्या त्या दाट केसांच्याही वरून, थेट माझ्याकडे. थेंब पडला, आणि या वेळी पापणी हलली, माझ्याकडे बघून.