नॅपकिनखाली

"आई, गोळ्या कुठायत?"

"कुठल्या? जेवणाआधीच्या की नंतरच्या?"

सौरभ हसला नाही. त्यानं हसावं म्हणून नीलानं विचारलंही नव्हतं. तिला थोडा वेळ हवा होता, आणि बावीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसल्यामुळे वेळ काढायचा झाला की तिच्या तोंडी हेच वाक्य यायचं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर 'वस्तू' ठेवली होती. या घरात रिव्हॉल्व्हर हा शब्द सहसा कुणी उच्चारत नसे. सौरभचे बाबा नंदकुमार तिला वस्तू म्हणायचे, म्हणून सगळे वस्तू म्हणायचे. पाहुण्यांना वाटायचं, यांच्याकडे सोनंबिनं आहे.

नंदकुमार श्रावणात गेले. आता डिसेंबर लागला होता. सोमवारी पोलीस स्टेशनातून फोन आला की महापालिकेची निवडणूक लागलीय, परवान्याचं हत्यार जमा करा. नीलानं सांगितलं, ते गेले. पलीकडचा हवालदार म्हणाला, "मग तर आधीच आणायला पाहिजे होतं, ताई. परवाना माणसाबरोबर संपतो. शनिवारपर्यंत या, मृत्यूचा दाखला घेऊन."

आज शनिवार होता. आणि आजच संध्याकाळी पाच वाजता सौरभला भेटायला दोन माणसं घरी येणार होती.

मुलुंड पूर्वेची ही निशिगंध सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. करारात लिहिलेली जागा नकाशात प्रत्येकी चाळीस फुटांनी कमी झाली, तेव्हा सौरभनं उपनिबंधकांकडे तक्रार केली. सुरुवातीला त्याच्याबरोबर अकरा जण होते. मागच्या महिन्यात त्याला धरून तीन उरले, आणि आठ दिवसांपूर्वी सौरभच्या स्कूटरच्या ब्रेकची वायर कापलेली सापडली. उतारावर नव्हे, सुदैवानं, बिल्डिंगच्या गेटाशीच. पोलिसांनी लिहून घेतलं, कागदावर 'अदखलपात्र' असा शिक्का मारला आणि घरी पाठवलं. सातव्या महिन्यातल्या बायकोला, अक्षताला, त्यानं नाहूरला तिच्या आईकडे पोचवलं. मग काल बिल्डरकडून फोन आला. उद्या पाच वाजता येतो, घरी बसून बोलू. उरलेल्या दोघांना त्यानं बोलावलं, तर ऐन वेळी दोघांच्याही नात्यात लग्नं निघाली.

"मी चालवणार नाहीये गं," सौरभ म्हणाला. "नुसती टेबलावर ठेवणार. पण रिकामी ठेवून काय उपयोग? माझ्या तोंडावरून त्यांना कळेल."

"आणि भरलेली असली की काय कळेल?"

"की मी एकटा नाहीये."

ती वाटाणे सोलत बसली.

"तू सांग मला," तो म्हणाला, "पोलिसांना फोन केला तर किती वेळात येतात? वीस मिनिटं? तेवढ्यात माझं काय होईल? बाबांनी काय केलं होतं तेव्हा? फोन लावत बसले होते?"

ते आलंच. नव्व्याण्णव सालची गोष्ट. नंदकुमार तेव्हा भांडुपच्या कारखान्यात कॅशियर होते. बँकेतून पगाराची रोकड आणायची म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. गणपतीच्या दोन दिवस आधी दोन माणसं घरी आली. सणाची उचल कधी आणणार, कुठल्या रस्त्यानं आणणार, एवढंच त्यांना हवं होतं. नंदकुमारांनी नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चहा घेणार, की निघणार?" ती माणसं निघाली. पाच वर्षांचा सौरभ दाराच्या फटीतून पाहत होता. कारखान्यात ही गोष्ट एवढी सांगितली गेली की चौथ्या-पाचव्या खेपेला नॅपकिन गळून पडला आणि नळी थेट समोरच्याच्या छातीवर आली. तेराव्याला कारखान्यातले चार म्हातारे आले, त्यांनीही हीच गोष्ट सांगितली. बाप गेल्यावर सौरभ पहिल्यांदा रडला तो तेव्हा.

"मी स्वतः पाहिलंय," सौरभ म्हणाला.

"हो," नीला म्हणाली. "पाहिलंयस तू."

त्यानं लोखंडी कपाट पाहिलं, बापाची बॅग पाहिली, माळ्यावरची ट्रंक उतरवली. औषधांच्या डब्यात काही त्यानं हात घातला नाही. नीलाची थायरॉइडची बाटली, कॅल्शियम, नंदकुमारांच्या टाकून द्यायच्या राहिलेल्या बीपीच्या पट्ट्या, आणि त्यांच्यामागे हिंग्वाष्टक चूर्णाची जुनी डबी. चूर्ण सत्त्याण्णव सालीच संपलं होतं. वस्तू घरात आली त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, वस्तू तुमच्याकडे, गोळ्या माझ्याकडे. दोघांनाही एकाच वेळी वेड लागलं तरच काही व्हायचं. नंदकुमार हसले होते, पण कबूल झाले होते.

परवान्याच्या झेरॉक्स काढायच्या म्हणून नीलानं फाइल उघडली. प्रत्येक निवडणुकीची जमा-पावती नंदकुमारांनी तारखेनुसार टाचून ठेवली होती. नव्व्याण्णवची पावती पिवळी पडली होती. जमा: वीस ऑगस्ट. परत: पंचवीस ऑक्टोबर.

ही पावती तिला नवी नव्हती. त्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते. ती दोन माणसं आली तेव्हा वस्तू पोलीस स्टेशनच्या कपाटात कुलूपबंद होती. नॅपकिनमध्ये बत्ता होता. मोदकांसाठी वेलची कुटून ठेवायला तिनं पितळी खलबत्ता टेबलावर काढला होता, आणि नंदकुमारांच्या हाताला तेवढंच लागलं.

तिनं पावती फाइलमधून सोडवली. सौरभला दाखवावी म्हणून ती बाहेर आली, तर तो टेबलापाशी बसून वस्तूवर निळ्या चौकड्यांचा नॅपकिन नीट घालत होता. एकदा घातला, काढला, चारही टोकं सारखी करून पुन्हा घातला. अगदी बापासारखा. पावती तिनं ब्लाउजमध्ये खोचली.

साडेचारला अक्षताचा फोन आला आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला. आपण ठीक आहोत, संध्याकाळी काही नाही, जरा मीटिंग आहे, असं त्याचं चाललं होतं. नीलानं ओट्यावरचा बत्ता उचलला. नॅपकिनखालची वस्तू काढून त्या जागी बत्ता ठेवला आणि चारही टोकं सारखी केली. मग औषधांच्या डब्यातून ती डबी काढली. वस्तू आणि डबी दोन्ही पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली. माणसं गेली की लगेच पोलीस स्टेशनला निघायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही एका जागी आल्या होत्या, आणि ती जागा तिच्या खांद्यावर होती.

बेल पाचला पाच कमी असताना वाजली.

दोघं आले. एकजण पांढऱ्या शर्टातला, गंध लावलेला, चप्पल बाहेर नीट जोडीनं काढून आत आला. देवदत्त असं त्यानं नाव सांगितलं, आणि बिल्डरच्या ऑफिसात आपण 'समन्वय' पाहतो असं म्हणाला. दुसऱ्यानं नाव सांगितलं नाही आणि बूटही काढले नाहीत. तो दाराशेजारच्या खुर्चीत बसला.

"काकी, बाहेर निघालात का?" देवदत्तनं तिच्या पर्सकडे पाहून विचारलं.

"निघेन," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

देवदत्त गोड बोलत होता. नंदकुमारांबद्दल वाईट वाटलं म्हणाला. सौरभसारखी शिकलेली मुलं सोसायटीत हवीतच म्हणाला. चाळीस फुटांचं काय, नव्या घरात लिफ्टच एवढी मोठी आहे. मग वहिनींची चौकशी केली. कितवा महिना, नाहूरला कुठल्या डॉक्टरांकडे नाव घातलंय.

नाहूर हा शब्द या घरात त्यांच्यासमोर कुणी काढला नव्हता.

सौरभचा हात टेबलावरून सरकत नॅपकिनवर गेला. "तुम्ही आता निघा," तो म्हणाला. आवाज बापासारखा काढायला गेला, पण शेवटी जरा फाटला.

देवदत्त बोलायचा थांबला. दाराजवळच्या माणसानं शर्टाची कड वर केली आणि हात कमरेमागे नेला. तिथं मोबाइल असेल. किंवा नसेल. नीलाला ते आजवर कळलेलं नाही. तिला कळलं ते एवढंच, की आपला हात पर्समध्ये आहे. चेन कधी उघडली, हे तिला आठवेना. बोटांना गार लोखंड लागलं होतं आणि बोटं ते सोडत नव्हती. तोंडात पितळेची चव आली होती.

"काय ठेवलंय, भाऊ?" देवदत्तनं हळूच विचारलं.

"हात लावू नका."

देवदत्तनं दोन बोटांनी नॅपकिनचं टोक धरलं आणि उचललं.

बत्ता आडवा पडला होता. टोकाला सकाळचं आलं वाळून चिकटलेलं होतं.

सौरभ बत्त्याकडे असा पाहत राहिला, की जणू त्याच्याच घरातली ही गोष्ट त्याला ओळखू येत नव्हती. मग दाराजवळचा माणूस हसला. त्याचा हात कमरेवरून पुढे आला आणि त्यानं दोन्ही हातांनी मांड्या थोपटल्या.

"आयला," तो म्हणाला, "चटणी करतो काय आमची?"

देवदत्तही हसला, पण थोडंच. तो उठला, चपला घातल्या. "मंगळवारी उपनिबंधकांकडे तारीख आहे ना तुमची? त्याआधी कळवा. येतो, काकी. चहा राहिला."

लिफ्टचं दार लागलेलं ऐकू येईपर्यंत मायलेक हलले नाहीत.

"तू काढलीस," सौरभ म्हणाला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मला हसले ते. उद्या अख्ख्या मुलुंडात सांगतील. बाबा असते तर—"

तिनं ब्लाउजमधून पावती काढून टेबलावर ठेवली.

त्यानं वाचली. पुन्हा वाचली. बोटांवर महिने मोजावेत तसे त्याचे ओठ हलले.

"गणपतीत तर आले होते ते."

"हो."

"मग नॅपकिनमध्ये..."

ती बत्त्याकडे पाहत राहिली.

त्यानं विचारलं, "मग ती माणसं गेली कशी?"

"ते मला माहीत नाही. तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दार लावलं आणि मोरीत जाऊन ओकले. मी पाठीवर हात फिरवत होते."

"कारखाना बंद पडला, तरी दर तीन वर्षांनी परवाना नवा करत राहिले."

"लोकांना सांगून बसले होते ना," नीला म्हणाली. "नंतर वस्तू ठेवणं भाग पडलं."

पोलीस स्टेशनला दोघं चालतच गेले. वाटेत एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त रस्ता ओलांडताना सौरभनं तिची पर्स आपल्या खांद्यावर घेतली, आणि तिनं ती घेऊ दिली.

निवडणुकीमुळे जमा करणाऱ्यांची रांग होती. हवालदारानं वस्तूचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला आणि गोळ्या मागितल्या. नीलानं डबी कागदावर उपडी केली आणि सवयीनं दोन दोन करून मोजल्या. दहा. परवान्यावरही दहाच होत्या.

"एकपण वापरली नाही?"

"नाही."

तिनं कागदाची चारही बाजूंनी घडी घालून पुडी केली, दवाखान्यात करायची तशी, वरचं टोक आत खोचलेली. हवालदार पुडी उलटसुलट करून पाहत म्हणाला, "काय ताई, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या का?" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं पेन उघडलं. "वारस कोण? मुलगा? तुम्हाला तुमच्या नावावर परवान्याचा अर्ज करता येतो. आईची ना हरकत लागेल. नाहीतर कायमची सोडायची. काय लिहू?"

नीला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. तिनं मनाशी ठरवलं होतं, हा मागेल तर सही करायची नाही. आता ते तसंच राहील की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मघाशी तिच्याच बोटांनी काय केलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

सौरभनं पुडीकडे पाहिलं. "सोडायची," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो जेवला. वाटाण्याचा भात दोनदा घेतला. वकिलाला फोन करून मंगळवारच्या तारखेला आपण जाणार असल्याचं सांगितलं. अक्षताच्या भावाला फोन करून काही दिवस तिला एकटीला खाली सोडू नका म्हणाला. मग दाराची वरची कडी, खालची कडी, साखळी सगळं लावून पाहिलं, आणि त्याच्या खोलीत गेला.

सकाळी सहाला नीलानं चहाचं आधण ठेवलं. आलं किसणीवर किसलेलं तिला आवडत नसे. तिनं ओट्यावर हात फिरवला. खल होता, बत्ता नव्हता. टेबलावर नव्हता, मोरीत नव्हता.

सौरभच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन. त्याच्या उशीशेजारी, हात लांबवला तर लागेल अशा अंतरावर, निळ्या चौकड्यांचा नॅपकिन होता. चारही टोकं सारखी.

तिनं दार होतं तेवढंच ठेवलं. स्वयंपाकघरात येऊन आलं खलात टाकलं आणि एका स्टीलच्या वाटीच्या बुडानं, आवाज होणार नाही इतपत, चेचलं.