बाटलीतलं पाणी

आठवा महिना सरता सरता उबरलिंदाच्या तळव्यांना खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती आतून खाज. चुलीशेजारी बसून ती मक्याच्या बुरकुंडानं पाय घासायची, रक्त येईपर्यंत. चोलचोल नदीकाठच्या त्या घरात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

"आमच्यातल्या बायका खाजवतच बाळंत होतात गं," सासूबाई म्हणायच्या. "मी खाजवलं, माझ्या आईनं खाजवलं. तू काय जगावेगळी?"

पण ही खाज उबरलिंदाच्या ओळखीची होती. लग्नानंतर दीड वर्ष ती दवाखान्यातल्या नर्सकडून मूल लांबवायच्या गोळ्या घेत होती, घरात कुणाला पत्ता लागू न देता. तेव्हाही अंग असंच खाजलं होतं. नर्सनं गोळ्या बंद केल्या आणि बजावलं, "या गोळीत जे आहे ना, तेच गरोदर बाईच्या अंगात ढिगानं तयार होतं. त्यानं तुझ्या यकृतातलं पित्त वाहायचं थांबतं आणि रक्तात उतरतं. दिवस गेल्यावर अशी खाज आली, तर त्याच दिवशी निघून ये. बाई निभावते, पोराचं सांगता येत नाही."

मग डोळे पिवळे झाले, तेव्हा नवरा घाबरला. "बैल जुंपतो," सेगुंदो म्हणाला. "इस्पितळात जाऊ."

"आधी माचीला पाणी दाखवू," सासूबाईंनी अडवलं. माची म्हणजे त्यांची वैदीण. सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून न्यायची. ती उजेडात धरून माची हलवते, आणि माणसाच्या आतलं सगळं सांगते.

त्या 'सगळं'नंच उबरलिंदाचं धाबं दणाणलं. गोळ्यांचं बिंग आता फुटणार! तिची लघवी तर उकळलेल्या कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. सकाळी नणंदेच्या, ओर्फेलिनाच्या, पलंगाखालच्या भांड्यातून तिनं बाटली भरली आणि बूच घट्ट लावलं. गुरुवारी नर्स दवाखान्यात येते, तेव्हा आपण गुपचूप जाऊ, असा तिचा हिशेब होता.

दुपारी सासूबाई हसतच परतल्या. "पाणी नितळ आहे म्हणाली. बाई ठणठणीत!" सेगुंदोनं बैल सोडले.

गुरुवारी तिनं शाल अंगावर घेतली, तर सासूबाई दारातच. "कुठं निघालीस? माचीनं सांगितलं ना? पुरे झाले नखरे, बटाटे काढायचे पडलेत."

तेव्हा तरी तिनं तोंड उघडायला हवं होतं. तिनं शाल खुंटीला टांगली आणि कुदळ घेतली. याचा राग कुणावर काढायचा?

शनिवारी पोटातलं पोर हललं नाही. रविवारीही नाही. सोमवारी ते जन्मलं, पुरतं वाढलेलं, डोकंभर जावळ असलेलं, गेलेलं.

दोन दिवसांत खाज थांबली. इतके दिवस न थांबलेले हात मांडीवर गप्प पडून राहिले, आणि उबरलिंदाला त्या हातांचा तिरस्कार आला.

सासूबाईंनी अन्न सोडलं. चौथ्या दिवशी त्या तिच्याजवळ येऊन बसल्या आणि तिचे सोललेले तळवे हातात घेतले.

"हे डोळ्यांनी दिसत होतं मला. आणि मी विश्वास ठेवला त्या बाटलीवर. मीच मारलं गं तुझ्या लेकराला."

"आई, ती बाटली माझी नव्हती."

मग तिनं सगळं सांगितलं. ओर्फेलिनाचं भांडं, नर्स, गोळ्या. चूल विझत आली तरी सासूबाईंनी लाकूड सरकवलं नाही.

"गोळ्यांसाठी?" शेवटी त्यांनी विचारलं. "तेवढ्यासाठी?"

उबरलिंदानं पाय जवळ ओढून घेतले.

"अगं येडे, सेगुंदोच्या पाठीवर लगेच नको म्हणून तीन वर्षं पाला उकळून पीत होते मी. सासूला कळू न देता. कुणी दिला असेल तो? ह्याच माचीनं."