मापं द्यायला आलेली माणसं

मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आधी कात्री सुटली, मग सुईत दोरा ओवणं, मग स्वतःच्या शर्टाची बटणं. उभा जन्म शिवणकामात गेलेल्या माणसाला बायकोने शर्ट घालायचा, ही गोष्ट त्यांना फार लागायची. ते मान वळवून उभे राहायचे आणि ती निमूटपणे बटणं लावायची.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी कंपवात असल्याचं सांगितलं. "हालचालीसाठी मेंदूत एक रसायन लागतं, ते कमी पडतंय. गोळ्यांनी थोडं भरून काढू."

गोळ्या लागू पडल्या. डोस वाढवला तसा हात आणखी स्थिरावला. मास्तरांनी उशांचे अभ्रे शिवले, शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करून दिल्या. बायकोला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग एकदा जेवताना ते म्हणाले, "अगं, त्या लोकांना उद्या या म्हणावं. बिचारे मघापासून बसलेत."

"कोण लोक?"

"मापं द्यायला आलेत ते." त्यांनी पलंगाकडे बोट केलं. पलंगावर घडी न घातलेले कपडे होते, बाकी कोणी नव्हतं.

त्यानंतर गिऱ्हाइकं येतच राहिली. कुणी बोलत नसे, नुसतं बसून राही. मास्तर टेप घेऊन उठायचे, धडपडायचे, म्हणून तीही मागोमाग उठायची. आधी तिने समजावलं, मग ती चिडली, शेवटी पलंगाकडे बघून "उद्या या हो सगळे" म्हणायला लागली. लेकीला फोनवर म्हणाली, "नसलेल्या माणसांचाही राबता असतो, बाई. माझी पाठ कामातून गेली."

एक दिवस ती भाजी घेऊन आली तर बाहेरच्या खोलीचा पडदा खाली उतरलेला. टेबलावर त्याचे तुकडे मांडलेले होते: पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर. खडूच्या रेषा सरळसोट. कात्री कुठे म्हणून अडखळली नव्हती. गेल्या कित्येक वर्षांत असं कटिंग त्यांच्या हातून झालं नव्हतं.

"त्या उंच गृहस्थांना कोट हवाय," मास्तर म्हणाले. "खांदा उतरता आहे त्यांचा."

ती पिशवी हातात घेऊनच खाली बसली. ओरडायचंही त्राण नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे औषधामुळेच होतंय. हाताला जे बळ देतं, तेच कधीकधी नसलेलं दाखवतं. डोस हळूहळू उतरवता येईल, पण थरथर परत येईल. गोळ्या मनाने मात्र अजिबात बंद करू नका."

"म्हणजे हात हवा की डोकं, असंच ना?" मास्तरांनी विचारलं.

"अगदी तसं नाही. पण बरंचसं तसंच."

बायको म्हणाली, "हात राहू दे यांचा. मी बघते त्या माणसांचं."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "उतरवा डोस," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "मला दिसतात ती माणसं खरी की खोटी, देव जाणे. पण ही दमलीये, ते मला स्पष्ट दिसतंय."

डोस उतरला. गिऱ्हाइकं विरळ होत गेली आणि यायची थांबली. हात पुन्हा थरथरू लागला. सकाळी अंग लाकडासारखं आखडायचं, पलंगावरून तिलाच उठवावं लागायचं. काम कमी झालं नाही, नुसतं बदललं.

"भली माणसं होती तशी," बटणं लावून घेताना मास्तर म्हणाले. "घाई करायची नाहीत."

"पैसेही द्यायची नाहीत," ती म्हणाली. दोघं हसली. हसताना तिचा हात बटणावरून सुटला आणि तिला तिथेच, त्यांच्या छातीला डोकं टेकून, जरा उभं राहावंसं वाटलं. मास्तर हलले नाहीत. हात तेवढा थरथरत होता, त्याला त्यांचा इलाज नव्हता.