डाळीच्या डब्यातून खिळ्यावर

मी बोलतेय, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची दुसरी चावी. पहिली गावभर मिरवते. दुसरीच्या नशिबी नुसती वाट पाहणं.

माझी मालकीण नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात आली, कडेवर सात महिन्यांची लेक घेऊन. चांगली शिकलेली, पण काळजीपुढे शिक्षणाचं काही चालत नसे. लेक शांत झोपली, की श्वास चालू आहे ना हे पाहायला तिला हलवायची. ती भोकाड पसरायची. मग मालकीण स्वतःलाच म्हणायची, "घ्या, पटली खात्री?"

या इमारतीची एक रीत. प्रत्येक घराची दुसरी चावी खालच्या मजल्यावरच्या घरात, खिळ्याला. पहिल्याच आठवड्यात खालच्या शिवणवाल्या मावशी गळ्यात टेप तसाच ठेवून मला न्यायला आल्या. मालकिणीने इथल्या भाषेत अडखळत "उद्या देते" म्हटलं आणि दार लावलं.

"देऊन टाक की," नवरा म्हणाला.

"ओळख ना पाळख, आणि थेट घराची चावी?"

"मग ओळख कर. दार लावून कशी होणार?"

तिने मला डाळीच्या डब्यात पुरलं. तीन महिने मी तिथेच होते.

एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर तिने गॅसवर दूध ठेवलं आणि कचऱ्याची पिशवी ठेवायला दाराबाहेर पाऊल टाकलं. वाऱ्याने दार धाडकन लागलं. पहिली चावी आत, फोन आत, लेक पाळण्यात. आणि मी डाळीत, गळ्यापर्यंत. इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

बाहेर थापा, आत रडं. मावशी धावत वर आल्या. मालकिणीने लेक आणि गॅसवरचं दूध आत असल्याचं कसंबसं सांगितलं. चावीबद्दल चकार शब्द नाही.

"दूध किती होतं?"

"अर्धा लिटर."

"मग थोडा वेळ आहे. पोर रडतेय ना? रडू दे. आवाज येतोय तोवर घोर नाही."

मावशींनी जिन्यातून एकच हाक दिली. चौथ्या मजल्यावरच्या रंगारीकाकांनी आपल्या गॅलरीतून कामाची दोरशिडी खाली सोडली. ती धरायला चार घरची माणसं वर गेली. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात लाटणं. काका आमच्या गॅलरीत उतरले, आधी उतू जाणारं दूध बंद केलं, मग लेकीला उचलून दार उघडलं.

"घ्या बाई. ही माझी मिशी सोडेल तर बरं."

मालकीण हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग तिने डाळीचा डबा जमिनीवर पालथा केला, मला उचललं आणि लेकीसकट अनवाणी खाली पळाली.

"मावशी, उद्याला जरा उशीर झाला."

"झाला खरा. तो रिकामा खिळा तुझाच. अडकव."

तिने मला स्वतःच्या हाताने लटकवलं. त्या दिवशी मला घर लाभलं, आणि बहुधा तिलाही.

संध्याकाळी रंगारीकाका आपली चावी घेऊन तिच्या दारात उभे. चौथ्याची चावी तिसऱ्यावर, रीतच ती. "माझ्याकडे?" असं तिने दोनदा विचारलं. मग कुणाची मदत न घेता भिंतीत खिळा ठोकला. जरा वाकडाच बसला, पण पक्का.

गेल्या आठवड्यात काकांची बायको स्वयंपाक अर्धा टाकून बाहेर अडकली. मी इथूनच ऐकलं, माझी मालकीण दोन-दोन पायऱ्या घेत वर चालली होती आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगत होती,

"घाबरू नका काकू, मी आहे ना."