इस्त्रीला बाधलं पाणी

मित्रांनो, मी वाफेची इस्त्री. बरीच जुनी. माझ्या मुठीचा निळा रंग उडाला आहे, वायर दोनदा बदलली आहे, पण तळ अजून लखलखीत आहे. त्याचं श्रेय माझं नाही, शिवणकाम करणाऱ्या मावशींचं आहे.

मावशींनी मला खोक्यातून बाहेर काढलं आणि आधी माझ्यासोबतचं माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यांच्या नळाला बोअरचं पाणी यायचं. ते इतकं जड होतं, की भांडी वाळली की त्यांच्यावर पांढरे डाग दिसायचे. म्हणून माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे त्या नळाच्या पाण्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळायच्या आणि ते वेगळ्या बाटलीत भरून ठेवायच्या. शेजारीण एकदा म्हणाली, "दोन थेंब अत्तर टाका की, कपडे घमघमतील."

"तिच्या पोटात पाण्याशिवाय काही जाणार नाही," मावशी म्हणाल्या.

काम संपलं की त्या माझी टाकी रिकामी करायच्या आणि निवल्यावर तळ ओल्या फडक्याने पुसायच्या. अशी किती वर्षं गेली, कळलंच नाही.

मग मावशी जिन्यात घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि मी काकांच्या हाती आले. काका म्हणजे त्यांचे यजमान, बसचे निवृत्त ड्रायव्हर. माणूस मनापासून राबायचा. पण बाटली संपली तेव्हा त्यांनी मला सरळ नळाखाली धरलं. पुढे रोज तेच. उरलेलं पाणीही पोटात तसंच राहायचं. माझ्या तळाची वाफेची भोकं हळूहळू बुजत गेली. मी खोकत होते, पण काकांना वाटलं, वय झालं.

एका सकाळी समोरच्या इमारतीतली मुलगी पांढरा गणवेश इस्त्रीला घेऊन आली. ती नर्स झाली होती आणि अकरा वाजता तिचा शपथविधी होता. काकांनी वाफेचं बटण दाबलं. मी जोरात खोकले आणि गणवेशाच्या छातीवर तपकिरी थेंब उडाले. मित्रांनो, तेव्हा मला विझून जावंसं वाटलं.

मुलीचे डोळे भरले. "काका, माझ्याकडे दुसरा नाही."

मावशी आतून आल्या. कुणावर आवाज चढवला नाही. "तू बस. अहो, लिंबू आणा. मी सांगते तसं करा."

काकांनी डागांवर लिंबू पिळलं, थोडं थांबून तेवढाच भाग धुतला आणि टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपलं. डाग गेले. पण ओला गणवेश वाळवायला पुन्हा मीच लागणार होते.

"टाकी रिकामी करा, वाफ बंद करा. मधे स्वच्छ कापड घ्या," मावशी म्हणाल्या.

काकांनी गणवेशावर कापड पसरलं आणि मला हळूच टेकवलं. मी श्वास रोखून धरला. एक थेंबही पडला नाही. साडेदहाला ती मुलगी कडक गणवेशात बाहेर पडली.

मग मावशी काकांना म्हणाल्या, "तुमच्या बसच्या रेडिएटरमध्ये घातलं असतंत का हो असलं नळाचं जड पाणी?"

काका ओशाळले. "छे. इंजिनाची वाट लागली असती." आणि स्वतःच हसले.

त्याच दुपारी त्यांनी माहितीपत्रक उघडलं, मला नीट तापवलं, मोरीवर धरून साफसफाईचं बटण दाबलं. पोटातून चहासारखं पाणी आणि पांढरे कण पडले. तीनदा तसं केल्यावर माझा श्वास मोकळा झाला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही खोकतो, ठिबकतो, कुरकुरतो. तेव्हा वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आम्हाला कोणतं पाणी चालतं ते वाचा आणि काम झालं की आमचं पोट रिकामं करा.

संध्याकाळी ती मुलगी गणवेशातच परत आली. तिने छातीवर हात ठेवून मावशींना सांगितलं, "शपथ घेताना हात इथे होता, मावशी. बरोब्बर त्या डागांच्या जागी."